नानांचा डावा पाय

जीवराम नानांचा डावा पाय एकतीस वर्षं सरकारी नोकरीत होता. उजवाही होता म्हणा, पण खरी मेहनत डाव्याची. एस.टी.च्या जुन्या लाल गाडीचा क्लच काय चीज असते ते ज्याने दाबलाय त्यालाच ठाऊक. नाना धुळे-चोपडा, जळगाव-शिरपूर अशा फेऱ्या मारायचे तेव्हा तो पाय दिवसाला हजार वेळा खाली-वर व्हायचा. एवढ्या वर्षांत एक अपघात नाही. माणूस सोडा, रस्त्यात कोंबडीसुद्धा दगावली नाही. नाना निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं झाली. पायाला मात्र कुणी निरोप दिला नाही, त्यामुळे तो आपला ड्युटीवरच राहिला.

मग जळगावच्या घरात सुनेची गाडी आली. सून हेमलता, पॉलिटेक्निकात इलेक्ट्रिकल शिकवते, बोलणं नेमकं आणि नजर करडी. तिने चौकशा करकरून ऑटोमॅटिक गाडी घेतली. नानांनी आत बसून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि विचारलं, "क्लच कुठंय?"

"नाहीये नाना. गरजच नाही. हा दांडा बघा. पी म्हणजे उभी, आर म्हणजे मागे, एन म्हणजे न्यूट्रल, डी म्हणजे पुढे. बाकी गाडी आपलं आपण बघते."

"मग ड्रायव्हरनं काय करायचं? जप?"

हेमलता हसली. पुढच्या रविवारी नाना सगळ्यांना घेऊन मेहरूण तलावाकडे निघाले. पुढे नाना आणि मुलगा ललित, मागे हेमलता आणि नानांची बायको कुंदाबाई, तिच्या मांडीवर भरताचा डबा. गाडी लोण्यासारखी सुटली. नाना खूश. वेग वाढला, इंजिनाचा सूर चढला, आणि एकतीस वर्षांच्या कानाने आतून हुकूम सोडला की आता दुसरा टाक. झालं! डावा पाय उठला आणि लाल गाडीचा क्लच समजून जे काही सापडलं त्यावर धाडकन आदळला. सापडला होता ब्रेक.

गाडी जागच्या जागी नाक घासून उभी राहिली. ललितचं कपाळ समोर आपटलं, आणि मागून भरीत उडालं ते थेट काचेवर. "क्लच लागला जरा," नाना म्हणाले. पुन्हा निघाले, पुन्हा सूर चढला, पुन्हा धाडकन. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मागचा रिक्षावाला रिक्षा बाजूला घेऊन म्हणाला, "आबा, उतरून चालत जा ना, लवकर पोहोचशाल!"

घरी आल्यावर ललितने टेंगळावर बर्फ धरून निकाल दिला. "नाना, आता कानबाईला गावी जायचंय. मी वनाला सांगतो. तो चालवेल, तुम्ही मागे आरामात बसा."

वना म्हणजे गल्लीतला भाड्याचा ड्रायव्हर. सुगरणीला तिच्याच घरात ताट वाढून द्यावं आणि म्हणावं, आजपासून चुलीकडे फिरकायचं नाही, तशी नानांची गत. रात्री जेवायला बसले आणि अर्ध्या भाकरीवर उठले. कुंदाबाईने सुनेला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "बाई, तो माणूस मागे बसना ना, ते म्हातारा व्हई जाई. मी सांगस तुले."

हेमलताने रात्रभर विचार केला आणि सकाळी चावी नानांसमोर ठेवली. "नाना, गावापर्यंत तुम्ही चालवा. मी सोबत असेन. काही गडबड न होता पोहोचलो तर चावी तुमच्याकडेच राहील. झालीच गडबड, तर मग वना. चालेल?"

"चालेल काय, धावेल!" नाना म्हणाले. बोलून तर गेले, आणि डाव्या पायाकडे दटावून पाहिलं.

आता कानबाई म्हणजे आमच्या खान्देशात काय असते, ते बाहेरच्याला थोडं सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते. नारळालाच डोळे, नथ, लुगडं चढवून त्याची देवी होते. अख्खी भाऊबंदकी एका छताखाली जमते, नैवेद्याचे गव्हाचे रोट होतात, रात्रभर गाणी होतात, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर निरोप. नानांच्या घराण्याचा नारळ जुना, पिढीजात. नाना थोरले, म्हणून वर्षभर तो त्यांच्या देव्हाऱ्यात. दरवर्षी कुंदाबाई तो मांडीवर घेऊन एस.टी.ने धुळ्याजवळच्या धामणदर गावी न्यायची. यंदा देवी पहिल्यांदाच घरच्या गाडीने निघाली होती.

ललित गव्हाच्या पोत्यांबरोबर आदल्या दिवशीच पुढे गेला होता. त्याच्या टेंगळाला तेच बरं वाटलं. रविवारी सकाळी निघताना नाना चालवायला, शेजारी कुंदाबाई, तिच्या मांडीवर रेशमी फडक्यातली देवी, मागे हेमलता. एरंडोल येईपर्यंत डाव्या पायाने दोनदा दगा दिला. दुसऱ्या वेळी कुंदाबाईने देवीला असं काही छातीशी धरलं की नथ तिच्याच गालाला टोचली.

"थांबाडा गाडी," ती म्हणाली. गाडी थांबली. "आते त्या पायनी मांडी घाला."

"काय?"

"मांडी घाला म्हणस. जेवाले बसतस तशी. डावा पाय बुडखाली. देखू कसा उठस तो!"

नाना ओशाळले. एस.टी.च्या ड्रायव्हरने मांडी घालून गाडी चालवायची! पण मागे हेमलता आरशातून पाहत होती, म्हणून त्यांनी मुकाट्याने डावा पाय उचलला आणि स्वतःच्याच बुडाखाली दाबला. आणि काय सांगता, गाडी अशी चालली की बस्स! गचका नाही, हिसका नाही. नाना एका पायाची मांडी घालून पारोळ्याच्या दिशेने निघाले, ते पंगतीला बसल्यासारखे. थोड्या वेळाने तर गुणगुणायलाही लागले. कुंदाबाईचं लक्ष मात्र त्या दांड्यावर होतं. नाना तो कुठे सरकवतात की गाडी काय करते, हे तिला फार गमतीचं वाटत होतं.

पारोळ्याला चहा झाला. नानांनी गाडी बंद करताना दांडा डीमध्येच ठेवला, कारण गियरमध्ये गाडी लावायची ही जुनी सवय. चहानंतर चावी फिरवतात तर गाडी ढिम्म. हेमलता चहावाल्याकडून पाण्याची बाटली घ्यायला गेली होती. तिच्या देखत फजिती नको म्हणून नानांनी टपरीवरची पाच-सहा माणसं बोलावली. "जरा धक्का मारा हो!" माणसं लागली जोर करायला. अर्धा फर्लांग गाडी गेली, तीही बंदच. एकजण धापा टाकत म्हणाला, "भाऊ, ही ऑटोमॅटिक शे ना? मग आपोआप का बरं चालू होत नही?"

हेमलता बाटली घेऊन रस्त्याने चालत आली. तिने खिडकीतून हात घालून दांडा पीवर नेला, नानांना ब्रेक दाबायला सांगितला आणि चावी फिरवली. गाडी झाली चालू. धक्का मारणारी माणसं एकमेकांकडे पाहून जी हसत सुटली ती सुटलीच.

"ही गडबड धरायची का?" नानांनी खालच्या आवाजात विचारलं.

"गाडीला काही झालं नाही. नाही धरत," हेमलता म्हणाली. पण नानांनी मनाशी ठरवलं की आता मेलो तरी इंजिन बंद करायचं नाही.

धामणदरच्या वेशीत पोहोचले तेव्हा दुपार कलली होती. वाजंत्री उभी, बायका ताटं घेऊन उभ्या, भाऊबंद फेटे बांधून उभे. सगळ्यांच्या पुढे नानांचा धाकटा भाऊ कौतिक. कौतिकचा आवाज असा की त्याने शेतातून हाक मारली की धुळ्याची माणसं 'काय रे' म्हणत असतील. नानांनी ब्रेक दाबून गाडी उभी केली, दांडा थोडा हलवल्यासारखा केला आणि मानून टाकलं की झाली न्यूट्रल. ती होती डीतच. तोवर कौतिकने रस्त्याकडेचा मोठा दगड उचलून पुढच्या चाकाला लावला होता. नाना गावात एस.टी. आणायचे त्या काळात हे काम कौतिकचंच असायचं, आणि हात अजून विसरले नव्हते. नानांनी ब्रेकवरचा पाय काढला, गाडी दगडाला टेकली आणि तिथेच घुरघुरत राहिली. बघणाऱ्याला वाटावं, शहाणी गाडी.

हेमलता उतरून बायकांत गेली. तिच्या हातात कुणीतरी आरतीचं ताट दिलं. नानाही उतरले, आणि उतरताच खाली बसले. डावा पाय इतका वेळ दाबलेला, त्याला अशा मुंग्या आल्या होत्या की पाय आहे की लाकूड, कळेना. गाडीचं दार उघडंच राहिलं, त्यामुळे आतून टुंग टुंग अशी घंटा वाजायला लागली.

"देवीनी घंटा वाजी राहिनी!" कुणीतरी हात जोडले.

नवी गाडी पहिल्यांदा गावात आलेली, तेव्हा चाकांखाली लिंबं ठेवायची, नारळ फोडायचा, हे ओघाने आलंच. चार चाकांना चार लिंबं ठेवली. कौतिकने बाजारातला नारळ नानांच्या हातात दिला. "फोड दादा!"

"कशावर फोडू?"

"हाऊ शे ना दगड!" असं म्हणून कौतिकने चाकाखालचा दगड ओढून काढला आणि बाजूला नानांपुढे ठेवला. नानांनी लगेच घाव घातला. नारळाची दोन शकलं झाली, चारही लिंबं पच्चकन फुटली, आणि गाडी निघाली.

आत ड्रायव्हर नाही. शेजारच्या सीटवर कुंदाबाई, मांडीवर कानबाई, उघड्या दारातून टुंग टुंग घंटा, आणि गाडी संथपणे, नवरी चालते तशी, सरळ गल्लीत शिरली. क्षणभर कुणालाच काही कळेना. मग कौतिकचा आवाज फुटला, "गाडी आपोआप चाली राहिनी! कानबाईनी गाडी चालाडी! बोला कानबाई माता की..."

"जय!" अख्खी वेस दणाणली. वाजंत्रीवाल्यांनी जोर धरला. माणसं दोन्ही बाजूंना सरकून फुलं टाकायला लागली. म्हाताऱ्या रस्त्यातच डोकं टेकू लागल्या, त्यांना ओढून बाजूला करताना पोरींची तारांबळ. नाना ओरडत होते, "अरे थांबाडा, ती डीमध्ये शे!" आणि मेल्या पायावर लंगडी घालत गाडीमागे धावत होते. लोकांना वाटलं नाना आनंदाने नाचताहेत. मग काय, चार-सहा भाऊबंद त्यांच्याभोवती फेर धरून तसेच लंगडी घालत नाचू लागले. हेमलता पलीकडे, हातात पेटती आरती, ना टाकता येते ना पळता येतं. "दांडा! आई, दांडा!" ती ओरडत होती, पण वाजंत्रीपुढे तिचं कोण ऐकतं?

कुंदाबाई आत बसून पहिले काही क्षण देवीकडेच पाहत राहिली. मग तिला शेजारची रिकामी सीट दिसली आणि काय झालंय ते उमगलं. तिने एका हाताने देवी पोटाशी धरली, दुसऱ्या हाताने दांडा पकडला आणि सकाळपासून पाहिलं होतं तसा पुढे ढकलला. तो एनवर गेला. कौतिकच्या घरापुढे थोडा चढ आहे. तिथे गाडीचा दम संपला, आणि ती ज्या दारात देवी बसायची होती त्याच दारात उभी राहिली. ललित घरातून धावत आला, त्याने घाईघाईने हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.

अशा जागी गाडी थांबल्यावर कोण शंका घेणार? लोक नुसते वेडे झाले. कौतिकच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. नाना लंगडत लंगडत पोहोचले, ओट्यावर चढले आणि दोन्ही हात वर केले. आता इथे गप्प बसलं असतं तर चाललं असतं. घरच्यांखेरीज कुणाला काही कळलं नव्हतं. पण देवीच्या नावावर आपली चूक खपवायची, हे नानांना पटेना. ते म्हणाले, "भाऊहो, ऐका. देवीनी काही करं नही. मन्ही चूक व्हयनी. मी गाडी चालूच सोडी आणि उतरनू."

"आणि मी थांबाडी," कुंदाबाई गाडीतून म्हणाली. "ह्या हातनी."

लोकांनी कौतुकाने माना डोलावल्या. "देखा, किती साधा माणूस!" एक म्हातारी म्हणाली. "देवीनी कृपा झायी तरी चूक स्वतःवर लेस." कौतिकने तर दादाला मिठीच मारली आणि तिथल्या तिथे जाहीर केलं की उद्या सकाळी देवी याच गाडीतून नदीवर जाईल, आणि तीही बिनड्रायव्हरची.

हेमलता आली ती मात्र हसत नव्हती. "नाना, गाडीपुढे माणसं होती," ती एवढंच म्हणाली. नानांना तिच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना. त्यांनी स्वतःच सांगितलं, "वनाले बलाई ले बेटा. मी मागे बसस." त्या रात्री देवीपुढे गाणी झाली, रोट झाले, सगळं झालं. नाना कोपऱ्यात बसून टाळ्या वाजवत होते, पण त्यांचा जीव कशात नव्हता. एकतीस वर्षांचा ड्रायव्हर होता तो, आणि आता त्याच्या जागेवर एकीकडून वना आणि दुसरीकडून साक्षात देवी बसायला निघाली होती.

सकाळी कौतिकने खरोखरच गाडीला झेंडूच्या माळा घातल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर हळदीकुंकू वाहिलं. नदीकडे जायचा रस्ता उताराचा. हेमलताने समजावून पाहिलं. ओट्यावर रांगोळीने इंजिन काढलं, चाकं काढली, बाण काढले. बायका म्हणाल्या, "रांगोळी छान शे, पण मोर काढतीस ते बरं होतं." ललितने समजावलं, नानांनी हात जोडले. कौतिक हटेना. "देवी काल एकटी उनी, आज एकटी जाई!"

तेवढ्यात हेमलताने डोक्यावरचा पदर सोडला, केस मोकळे केले आणि डोळे फिरवून मोठ्याने एक हुंकार टाकला. वाजंत्री थांबली.

"अंगात उनी! मोठी सुनना अंगात उनी!"

हेमलता घुमू लागली. पॉलिटेक्निकात अठरा वर्षं शिकवलेली बाई, पण घुमली अशी की गावातल्या घुमणाऱ्यांनी शिकून घ्यावं. कौतिक तिच्या पायाशी बसला. "काय पाहिजे माय? बोल!"

"मला ड्रायव्हर पाहिजे!"

"पण माय, काल ते तू एकटी उनी..."

"काल माझा जीव घाबरला होता!" देवी ओरडली. "गाडीत एकटीला बसवता? उतारावर न्यूट्रलमध्ये सोडता? शरम नाही वाटत?"

कौतिकने कान पकडले. शेजारच्याला म्हणाला, "देवी एकदम शुद्ध बोली राहिनी!" शेजारचा म्हणाला, "देवीले बठ्ठ्या भाषा येतस."

"कोणता ड्रायव्हर पाहिजे माय? जळगावहून वनाले बलाऊ?"

"नको!" हेमलताने असं डोकं हलवलं की केस गरकन फिरले. "चूक झाल्यावर गप्प बसू शकत होता, तरी चारचौघांत बोलला, तो पाहिजे! जीवराम पाहिजे! त्याच्याशिवाय मी जागची हलणार नाही!"

कौतिकने आणि भाऊबंदांनी नानांना ओट्यावरून अक्षरशः उचलून आणलं आणि गाडीत, हळदीकुंकवाच्या त्या सीटवर, नेऊन ठेवलं. कुणी फेटा बांधला, कुणी कपाळाला गुलाल लावला. नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. कुंदाबाई देवी घेऊन शेजारी बसली. तिचे खांदे हसून हसून गदगद हलत होते, आणि लोकांना वाटलं, तिच्याही अंगात येतंय की काय.

हेमलता मागच्या सीटवर बसली, दार लावलं आणि केसांचा शांतपणे अंबाडा घातला. वाजंत्री सुरू झाली. नानांनी दांडा डीवर घेतला, मांडी घट्ट घातली आणि उजवा पाय अलगद उचलला. गाडी नदीच्या उताराला लागली. एवढी गर्दी, एवढा गुलाल, पुढे पोरी फुगडी खेळताहेत, पण नानांनी गाडी अशी धरली की देवीची नथ हलली नाही.

अर्धा उतार झाल्यावर नानांना राहवेना. आरशात बघत त्यांनी हळूच विचारलं, "बेटा, खरंखरं सांग. अंगात उनती का?"

"नाना," हेमलता म्हणाली, "पुढे बघून चालवा."